गुंजन वायरमन होते

काल पोळा फुटला.
बैलांच्या शिंगांवरून गळलेली बेगड
आखरावर शेणात तुडवून पडलीय
आणि गुंजन तीच वेचून आणते फ्रॉकच्या ओच्यात.
"फेकू नको आई. पक्कड बनवाची हाय."

मागच्या तान्ह्या पोळ्याला मी तिला राधा केलं,
त्याच्या मागच्याही राधाच.
तीच चंद्रकोर, तोच शालूचा तुकडा.
यंदा आठ वर्षांची बाई
उंबऱ्यात पाय रोवून म्हणाली,
"मले वायरमन व्हाचं हाय."

त्याचं असं झालं,
चार दिवस लाईन नव्हती आमच्या टोलीत.
उईके भाऊ डीपीवर चढले
आणि ही खाली, मान दुखेस्तोवर.
पंखा हलला, टीव्ही मधूनच बोलायला लागला,
"आली रे आली" म्हणून घराघरात गलका.
उईके भाऊंना कोणी पाणी विचारलं नाही.
तिनं विचारलं.

मग काय म्हणणार मी?
ह्यांचा खाकी शर्ट काढला पेटीतून.
हे ट्रकवर, रायपूरच्या पुढं कुठंतरी.
फोनवर विचारलं, कापू का?
"काप. बटनं ठेवजो."

टोपीसाठी पितळी गुंड पालथा घातला,
त्यावर जुन्या पेपरचे थर, मैद्याची खळ.
ह्या हवेत काही वाळत नाही,
तीन रात्री चुलीशेजारी ठेवला.
एका बाजूनं भाजलाच थोडा.
खांदशेकणीची हळद उरली होती वाटीत,
बैलांच्या खांद्यांची,
तिनंच टोपी पिवळी केली.
टेस्टर म्हणजे संपलेला पेन, टोकाला लाल मणी.
शिडी तुराट्यांची, सुतळीनं बांधलेली,
तिसरी पायरी दोनदा मोडली.

राहिला बैल.
सुखदेव वाढईनं केलेला, शिवणीच्या लाकडाचा,
एक चाक कुठल्या पोळ्यात हरवलं देव जाणे,
एक डोळाही गेलेला.
तो प्रणयचा होता.
प्रणय यंदा सातवीत, ओठावर काळी रेघ.
"मी का लहान पोट्टा हाव? मी नाई ओढत बैल."
दार आपटून गेला.

रात्री ठकठक ऐकली मी.
उठले नाही.
सकाळी बैल चार चाकांवर उभा,
चौथं चाक बामच्या डबीचं झाकण,
चालताना जरा लंगडतं.
नाकात वेसण, जळक्या चार्जरची,
एक तार लाल, एक काळी.
प्रणय दात घासत होता, पाठ करून.

मारुतीच्या पारासमोर तोरण.
दोन हनुमान, एक पोलीस, पाच राधा,
आणि एका टोकाला शिडी घेऊन ही.
झडती म्हण म्हटलं तर स्वतःचीच म्हणाली:

"डीपी बसली रुसून, गाव बसलं घामात,
चढणाऱ्याले पाणी द्या, मंग बसा आरामात!"

सगळे हसले. सरपंचही.
स्टीलचा डबा मात्र
ट्रॅक्टरएवढा बैल आणणाऱ्या पोट्ट्याला गेला.

बोजारा मागत फिरलो घरोघर.
पाच रुपये, दोन रुपये, एक करंजी,
शेवंताकाकूंनी मूठभर मुरमुरे.
उईके भाऊंच्या दारात ही गप्पच झाली.
त्यांनी खालून वर पाहिलं,
पक्कड हातात घेऊन पाहिली,
टोपी हलवून पाहिली.
हसले नाहीत.
"पट्टा नाई बाई हिले," म्हणाले,
आणि आतून चपलेची जुनी नाडी आणून
तिच्या हनुवटीखाली गाठ मारली, पक्की.
"पट्ट्याबिगर चढाचं नाई. कदीच."

ती तशीच झोपली, टोपीसकट.
उशीवर हळद लागली.

रात्री ह्यांचा फोन आला, मागं कुठंतरी हॉर्न.
"बटनं ठेवली ना?"
ठेवली, म्हटलं. सहा.
सातवं बैलाच्या डोळ्यात आहे.